पाणी कुठं मुरतंय

2 एप्रिल 2025, बुधवार

गोकुळ शिरगावहून निघालो तेव्हा काटा मधोमध होता, उजळाईवाडीपर्यंत तसाच. सायबर चौकात सिग्नलला थांबलो आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला. एप्रिलच्या उन्हात तो लागतोच. पण राजारामपुरीत शिरलो तरी तो थांबेना, आणि काटा लाल पट्टीकडं सरकत राहिला. घरी येऊन इंजिन बंद केलं तर टाकीखालून गोडसर वास आला. ज्यानं तापल्या इंजिनावर सांडलेल्या कूलंटचा वास एकदा घेतलाय, त्याला तो पुन्हा ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

गाडी 2011 ची, अडीचशे सीसीची, एका सिलिंडरची. माझ्याकडं आली तेव्हा पाच वर्षं चाललेली होती. आजवर तिनं वाटेत कधी सोडलं नाही.

बाजूच्या बाटलीत पाहिलं. कूलंट वरच्या खुणेला. एवढ्यावर कुणीही म्हणेल की पाणी भरपूर आहे, दुसरं काहीतरी असेल. रेडिएटरचं झाकण आत्ता उघडणं शक्यच नाही. तापलेल्या इंजिनाचं झाकण फिरवलं की आतलं पाणी दाबानं उसळून तोंडावर येतं. सकाळी बघायचं.

3 एप्रिल, गुरुवार

साडेपाचला, इंजिन हाताला पुरतं गार लागत असताना झाकण काढलं. बॅटरी मारून पाहिलं तर रेडिएटरच्या गळ्यात कूलंट दिसेना. मापाच्या भांड्यानं ओतत गेलो. 180 मिली बसलं. या गाडीत सगळं मिळून सव्वा लिटर कूलंट मावतं. म्हणजे सातवा हिस्सा कुठंतरी गेला, आणि बाटली मात्र भरलेली.

हे कोडं नाही, ही खूण आहे. इंजिन तापलं की कूलंट फुगतं. झाकणातली स्प्रिंग 1.1 बारपर्यंतचा दाब आत धरून ठेवते, कुकरच्या शिट्टीसारखी. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. दाब त्याहून वाढला की जास्तीचं कूलंट नळीवाटे बाटलीत जातं. इंजिन निवलं की कूलंट आकसतं, आत ओढ तयार होते, झाकणाच्या मधोमध असलेला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि गेलेलं कूलंट बाटलीतून परत आत येतं. हे जाणं-येणं रोज चालायला हवं.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, याचे सरळ अर्थ दोनच. एकतर झाकणातला छोटा व्हॉल्व्ह चिकटलाय. नाहीतर कुठल्यातरी जोडाला फट आहे, आणि निवताना इंजिन बाटलीतलं कूलंट ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा आत घेतंय. फटीतून हवा आत येत असेल तर त्याच फटीतून कूलंट बाहेर जात असणार.

6 एप्रिल, रविवार, रामनवमी

काल रात्री गाडीखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे अंथरले होते. सकाळी पुठ्ठा कोरडा. साखळीच्या तेलाचे काळे ठिपके सोडले तर काही नाही. तरी झाकण काढून पाहिलं तर पातळी पुन्हा खाली.

दुपारी गॅरेजात मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पुठ्ठ्याचंही ऐकलं, आणि म्हणाले, "सर, खाली पडत नाही, बाटलीत जात नाही, म्हणजे आत जळतंय. हेड पॅकिंग गेलंय. खोलूया."

त्यांचा तर्क चुकीचा नाही. हेड पॅकिंगला चीर गेली की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण त्याच्या इतर खुणाही दिसायला हव्यात. स्फोटाचा वायू उलट पाण्यात घुसतो, त्यामुळं चालू इंजिनाच्या रेडिएटरच्या गळ्यात बुडबुडे येत राहतात आणि बाटली फुगून वाहते. प्लग धुतल्यासारखा पांढरा निघतो. ऑइल दुधट होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, खोलायच्या आधी एवढं तरी बघूया." त्यांनी लगेच पान्हा घेतला. माणूस हट्टी नाही.

प्लग विटकरी रंगाचा, एकसारखा. ऑइलच्या काचेत स्वच्छ मधाळ रंग. इंजिन थंड होऊ दिलं, झाकण काढून चालू केलं, तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत दोघेही गळ्याकडं बघत बसलो. सुरुवातीला अडकलेली हवा चार-दोन बुडबुड्यांनी निघाली, मग पाणी शांत फिरू लागलं. हेड पॅकिंग शाबूत आहे. हेड खोललं असतं तर मजुरी गेली असती, नवं पॅकिंग बसवावं लागलं असतं, आणि गळती जिथं आहे तिथंच राहिली असती.

8 एप्रिल, मंगळवार

झाकण नवं आणलं. जुन्याचं रबर कडक झालं होतं, पण मधला व्हॉल्व्ह नखानं उचलला की नीट उघडत होता. तरी शंका नको. जुनं झाकण टाकलं नाही, त्याचा उपयोग आहे.

मग वॉटर पंप. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आसावर दोन सील असतात. एक पाणी अडवतं, दुसरं इंजिनातलं ऑइल. भोक त्या दोहोंच्या मधल्या जागेत उघडतं. तिथून हिरवं पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलचं. बनवणाऱ्यानं आजार कळावा म्हणून ठेवलेली ही खिडकी आहे, आणि किती ठिकाणी मी ती एम-सीलनं बुजवलेली पाहिलीय! बुजवली की गळणारं पाणी ऑइलमध्ये जाण्याचा धोका, आणि मग बेअरिंग गेलं समजायचं. त्या भोकाभोवती टिश्यू पेपर बांधून कामावर जाऊन आलो. पेपर कोरडा. होज पाइपच्या क्लिपाही एकेक तपासल्या, टोकं पिळून पाहिली. कुठंही पांढरा-हिरवा खर धरलेला नाही.

मिस्त्रींचं निम्मं आयुष्य राजदूत, येझदी आणि बुलेटवर गेलं. त्या इंजिनांना पंखांसारख्या पट्ट्या, त्यांतून वारा गेला की झालं. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्या आपल्याकडं सामान्य माणसाच्या दारात आल्या त्या गेल्या पंधरा-सतरा वर्षांत. यामाहाची आर15 2008 ची, कावासाकीची निन्जा 250आर 2009 ची, होंडाची सीबीआर 250आर 2011 ची, केटीएमची ड्यूक 200 2012 ची, चाकणला बनलेली. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या मालकाकडं आहेत. धातू अजून धडधाकट आहे, पण आतलं सगळं रबर एकाच वयाचं आहे आणि एकाच वेळी म्हातारं होतंय. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या गॅरेजांत ही दुखणी आता रोज येणार. ती ओळखायची पद्धत मिस्त्रींच्या हाताला बसली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

12 एप्रिल, शनिवार

जोतिबाची चैत्र यात्रा. मेव्हणे म्हणाले, चला. पार्किंगपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत नेली, पुढं चालत. सासनकाठ्या, हलगी, आणि गुलाल असा की डोंगर, माणसं, झाडं सगळी एका रंगाची. दर्शन झालं. परतलो तेव्हा गाडीवरही बोटभर गुलाल बसला होता. अर्थात काट्याकडं लक्ष होतंच. चढाला पंखा बराच वेळ चालला, पण निघताना पातळी काठोकाठ केली होती म्हणून निभावलं.

13 एप्रिल, रविवार

आज गाडी धुणार होतो. पाण्याचा पाइप हातात घेतला आणि ठेवून दिला.

बॅटरी घेऊन एकेक जागा बघत गेलो. गुलाल सगळीकडं कोरडा. रेडिएटरच्या जाळीत कोरडा, पंपावर कोरडा, हेडच्या सांध्यावर कोरडा, फुंकर मारली की उडणारा. पण सिलिंडरच्या मागं, जिथं सेल्फची मोटर बसते, तिथं एक खोलगट जागा आहे. टाकी आणि एअर फिल्टरचा डबा यांच्यामधून बॅटरी तिरकी धरली तरच तिचा जेमतेम तळ दिसतो. तिथं गुलालाचा चिखल झाला होता. दाट, चकचकीत, ओला. पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही. मग ओल कशाची? काडी घालून थोडा चिखल बाहेर काढला, बोटावर चोळला. बुळबुळीत. ग्लायकॉलचा स्पर्श तसाच असतो, पाण्याचा नसतो.

14 एप्रिल, सोमवार, आंबेडकर जयंती

सुट्टी. टाकी उतरवली, एअर फिल्टरचा डबा सोडवला. आता खोलगट जागा सरळ वरून दिसली. चिखल पुसून घेतला तेव्हा तळाशी एक बुजलेलं भोक सापडलं. तिथं साचलेलं पाणी खाली जावं म्हणून ठेवलेलं. आत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसून वाळलेली. तारेनं ती टोकरून काढली आणि पुठ्ठा कोरडा का राहत होता ते कळलं. गळणारं कूलंट खाली पडायला वाटच नव्हती. रात्रभर ते मोटरच्या पोटाशी साचायचं, सकाळी इंजिन तापलं की वाफ होऊन जायचं. वास यायचा, डाग पडायचा नाही.

इथं घाई करायची नाही, हे कारखान्यातल्या तपासणीच्या कामानं शिकवलंय. ओल जिथं साचते तिथं गळती असतेच असं नाही. पाणी नळीच्या पोटावरून, बोल्टच्या डोक्यावरून, वायरीच्या बाजूनं दूरवर येतं आणि मग थेंब सोडतं. चालत्या गाडीत तर वारा ते मागं ढकलतो. शोधायची ती ओलीची सगळ्यात वरची जागा. त्या खड्ड्याच्या वरच्या अंगाला तीन संशयित आहेत: थर्मोस्टॅटचं घर, त्यातून निघणारा होज, आणि सिलिंडरच्या पाठीत शिरणारी ॲल्युमिनियमची नळी.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नोटा तपासायची निळी बत्ती मागून आणली. अनेक हिरव्या कूलंटमध्ये फ्लुओरेसीन नावाचा रंग असतो, तो या उजेडात पिवळट हिरवा पेटतो. आमच्या कूलंटचा थेंब कागदावर टाकून पाहिला, पेटला. अंधार पडल्यावर बत्ती मारली तर सगळा खड्डाच हिरवा उजळला. जुन्या-नव्या गळतीचे डाग एकमेकांत मिसळलेले, त्यामुळं उगम सांगता येईना. रॉकेलनं आणि मग साबणाच्या पाण्यानं सगळं स्वच्छ धुतलं, कापडानं टिपलं, हवा मारून वाळवलं. आता कोरी पाटी. कूलंट पुन्हा काठापर्यंत भरलं.

16 एप्रिल, बुधवार

कारखान्यात कास्टिंगची गळती तपासायची आमची रीत सोपी आहे. भोकं बंद करायची, आत हवेचा दाब द्यायचा, पाण्याच्या टाकीत बुडवायचं आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. गाडी टाकीत बुडवता येत नाही, पण दाब देता येतो. जुन्या झाकणातली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह काढले, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, खाली रबरी वायसर. बाटलीकडं जाणारी नळी काढून तिथं बोल्ट ठोकून बंद केली. सायकलच्या पंपाला टी जोडून बारीक खुणांचा दाबमापक लावला.

एक बार. त्यापुढं जायचं नाही. पंपानं जोर लावला तर दोन-तीन बार सहज जातात आणि रेडिएटरच्या पातळ नळ्या फाटतात.

17 एप्रिल, गुरुवार

काल रात्री कामावरून आल्यावर इंजिन कोमट होऊ दिलं, हात ठेवता येईल इतकं, आणि मग दाब दिला. मापक एकावर. दहा मिनिटं झाली, काटा जागचा हलल्यासारखा वाटेना. दाब सोडला आणि झोपलो.

आज पहाटे पाच वाजता तोच प्रयोग. इंजिन पूर्ण गार. एक बार दिला आणि काटा डोळ्यांदेखत उतरू लागला. दहा मिनिटांत 0.8 च्या खाली.

तापल्यावर धरतं, गार असताना सोडतं. म्हणून तापलेल्या गाडीभोवती फिरणाऱ्यांना काही दिसत नव्हतं. रबर तापलं की ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि फट भरून काढतं. निवलं की आकसतं. कडक झालेलं रबर तर परत फुलायलाच तयार नसतं.

दातांच्या दवाखान्यात असतो तसा लांब दांड्याचा आरसा होता. तो नळीच्या मागं धरला, निळी बत्ती मारली. थर्मोस्टॅटचं घर काळं. होजची क्लिप काळी. आणि सिलिंडरच्या पाठीत शिरणाऱ्या नळीच्या खालच्या कडेला, जोडाच्या अगदी रेषेवर, हिरवा बिंदू. तो हळूहळू फुगला, नळीच्या पोटावरून बोटभर सरकला, थरथरला आणि सेल्फच्या मोटरवर पडला. जागेवर लगेच दुसरा धरू लागला.

बायकोला उठवून दाखवला. तिनं आरशात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढासा?" एवढासाच. पण रोज रात्री.

20 एप्रिल, रविवार

कूलंट काढून घेतलं. पसरट भांड्यात काढून लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, कारण गल्लीतली कुत्री आजूबाजूलाच असतात. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. गुरांना, लहान मुलांना तोच धोका. गॅरेजच्या दारात उघड्या भांड्यात ठेवलेलं किंवा गटारात ओतलेलं कूलंट पाहिलं की माझा संताप होतो. हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नाही, डब्याच्या मागं लिहिलेलं असतं.

दोन बोल्ट काढले, नळी हलवत हलवत बाहेर आली. टोकावर खाच, खाचेत ओ-रिंग. गोल राहिली नव्हती. बाहेरची बाजू सपाट, कडा धारदार, वाकवली तर आतल्या अंगाला बारीक चिरा. व्हर्नियर लावला. चेपलेल्या बाजूनं 1.95 मिलिमीटर. खाचेचा तळ आणि सिलिंडरच्या भोकाची भिंत यांच्यामधलं अंतर 1.8. नवी रिंग 2.4 ची असते, म्हणजे बसवताना पावपट दबते आणि त्या दाबावरच पाणी अडवते. जुनी उरली होती ती पाव मिलिमीटरसुद्धा दबत नव्हती.

पण रिंग हे अर्धंच कारण. खाच ब्रशनं घासून काढल्यावर तळाशी, खालच्या बाजूला, ॲल्युमिनियम खाल्लेलं दिसलं. पांढऱ्या भुकटीनं भरलेला खड्डा, सुईचं टोक आत जाईल इतका खोल, आणि त्यापासून कडेपर्यंत गेलेली एक वाट. नवी रिंग बसवून भागलं असतं, पण थोडे दिवसच.

हा खड्डा पाण्यानं पाडलाय. कूलंटमध्ये नुसतं ग्लायकॉल नसतं, धातू गंजू नये म्हणून रसायनं असतात. ती काही वर्षांत संपतात, म्हणून कूलंट बदलायचं असतं. त्यात कुणी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत राहिलं की रसायनं पातळ होतात, आणि पाण्यातले क्षार, क्लोराइड ॲल्युमिनियमला लागतात. माझ्याकडं आली तेव्हा या गाडीत हिरवं काहीच नव्हतं, गढूळ पाणी होतं. तेव्हाच बदललं, पण आधीच्या वर्षांत खड्डा पडायला सुरुवात झालेली असणार. डिमिनरलाइज्ड पाण्याची बाटली बॅटरीवाल्याकडं अगदी स्वस्तात मिळते.

21 एप्रिल, सोमवार

कारखान्यातून लवकर आलो. टेबलावर जुनी रिंग ठेवून बसलो.

किती साधी वस्तू! डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स ख्रिस्टनसेन यांनी 1937 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा ते सत्तरीच्या पुढं होते. 1939 ला पेटंट मिळालं. आज पंप, विमान, इंजेक्शनची सिरिंज, घरचा नळ, जिथं जिथं काही गळू द्यायचं नाही तिथं ती आहे.

आणि थंडीत ती कशी फसते ते सगळ्या जगानं पाहिलंय. 28 जानेवारी 1986 च्या सकाळी फ्लॉरिडात कडाक्याची थंडी होती. चॅलेंजर यानाच्या उजव्या रॉकेटच्या जोडातल्या ओ-रिंगा कडक झाल्या होत्या, त्यांनी वेळेत फट भरली नाही, तापलेला वायू बाहेर आला आणि सात जण गेले. चौकशी समितीच्या सुनावणीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला, आणि तो लगेच मूळ आकारावर येत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. आदल्या रात्री काही अभियंत्यांनी उड्डाण करू नका म्हणून जीव तोडून सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं नाही.

माझ्या गाडीच्या थेंबाची त्या सात माणसांशी बरोबरी नाही, ती मी करणारही नाही. पण तपासणीच्या खात्यात काम करणाऱ्यानं ती गोष्ट विसरू नये. वस्तू ज्या स्थितीत वापरली जाते त्या प्रत्येक स्थितीत तपासली पाहिजे. गरम असताना ठीक, म्हणजे ठीक, असं होत नाही.

23 एप्रिल, बुधवार

नवी नळी आता मिळत नाही, या मॉडेलचे सुटे भाग येणं थांबलंय असं उत्तर मिळालं. कोल्हापुरात राहतो हे नशीब. अर्धा दिवस रजा टाकून नळी घेऊन उद्यमनगरात गेलो. इथं ऑइल इंजिनाच्या काळापासून ओतकाम आणि लेथचं काम चालत आलंय, आणि नाही हे उत्तर सहसा मिळत नाही.

आर्गनवाल्यानं खड्डा टोकरून चमकता धातू लागेपर्यंत साफ केला, मगच भरला. "आत पांढरं राहिलं तर वेल्डिंगला भोकं पडतात, साहेब," एवढंच बोलला. तिथून दोन गाळे सोडून लेथवर. टर्नर काका सत्तरीचे असतील. त्यांनी नळी चकमध्ये धरली, डायल लावला, हातानं फिरवून काटा पाहिला, पुन्हा सैल केली, खाली कागदाची पट्टी घातली, पुन्हा धरली. काटा हलायचा थांबला तेव्हाच मशीन चालू केलं. खाचेचं टूल त्यांनी समोरच ग्राइंडरवर घासून घेतलं, कडेला किंचित गोलाई ठेवून, म्हणजे रिंग कापली जात नाही. शेवटचा कट इतका बारीक की चुऱ्याला वजन नव्हतं. खाचेवरून नख फिरवलं, कुठं अडलं नाही. पैसे विचारले तर त्यांनी सांगितलेला आकडा मला कमी वाटला. जास्त दिले, त्यांनी जास्तीचे परत केले.

ओ-रिंग घेताना दुकानदारानं साधी काळी काढून दिली. ती नायट्राइलची, ऑइलसाठी चांगली. सतत शंभर अंशांच्या कूलंटात ईपीडीएमची हवी. ती मागून घेतली. मात्र ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, फुगते. म्हणून बसवताना साधं ग्रीस लावायचं नाही, थोडं कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावायचं. हे मिस्त्रींना मुद्दाम सांगायचं आहे.

27 एप्रिल, रविवार

मिस्त्री स्वतः घरी आले. सिलिंडरचं भोक आतून बारीक पॉलिश पेपरनं साफ केलं, रिंगला कूलंट चोळून नळी सरळ दाबली. किंचित जोर लागला आणि बसली. जोर लागला याचंच समाधान. थर्मोस्टॅटच्या घराची रिंग आणि होजच्या क्लिपाही बदलल्या, तेवढंच उघडलेलं असताना.

भरणं सावकाश केलं. गाडी बाजूच्या स्टँडवर, मग सरळ, मग पुन्हा बाजूला, होज हातानं दाबत दाबत. हवा अडकून राहिली तर सगळी मेहनत असून इंजिन तापतं. इंजिन चालू करून गळ्यात बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, पातळी पुरी करून नवं झाकण लावलं.

28 एप्रिल, सोमवार

पहाटे पाच. एक बार दिला. अंघोळ, चहा उरकून आलो. काटा एकावरच. आरशात सगळं काळं.

4 मे, रविवार

गगनबावड्याला जाऊन आलो. बायको मागं, सामान, भर उन्हात. चढाला पंखा लागला आणि थोड्या वेळानं आपोआप थांबला. काटा मधोमध. आज पहाटे निघण्याआधी झाकण काढून पाहिलं होतं, गेल्या रविवारपासूनची पातळी काठाला होती, आणि बाटलीतलं पाणी खाली-वर होतंय हेही खुणेवर कळलं. भोक तारेनं पुन्हा मोकळं करून ठेवलं.

संध्याकाळी मिस्त्रींच्या गॅरेजात दाबाची जोडणी नेऊन दिली: भोक पाडलेलं झाकण, टी, मापक, आरसा. मापकावर एक बारच्या जागी लाल रेघ मारलीय. त्यांच्याकडं तशीच एक गाडी उभी होती, 2012 ची, मालक हेड खोलायला सोडून गेलेला. मिस्त्री म्हणाले, "आज नाही खोलत. उद्या पहाटे गार असताना दाब देऊन बघतो." जोडणी त्यांच्याकडंच राहील. पाण्याची गाडी असलेल्या कुणालाही लागली तर तिथून न्यावी आणि काम झालं की परत आणून ठेवावी.